निवडलेली भाजी

आषाढातला बुधवार. नाशकातल्या गोदावरीला, आमच्या गंगेला, पाणी बेताचंच होतं, त्यामुळे बाजार घाटावर नेहमीच्या जागी भरला होता. पाणी वाढलं की तो वर सरकतो आणि मग आपली नेहमीची माणसं कुठे बसलीत ते शोधत फिरावं लागतं. पावसाची भुरभुर चालू होती. ओल्या दगडांवर चिखल, कोथिंबिरीच्या काड्या आणि भिजलेल्या गोणपाटाचा वास एकत्र झाला होता. निळ्या प्लास्टिकच्या कागदाखाली पेठ तालुक्याकडची एक पोर रानभाज्या मांडून बसली होती. करटुली, कुर्डूचे वाटे, टाकळ्याची कोवळी पानं आणि मागे पिशवीत गेल्या सालची नागली, म्हणजे नाचणी. मी टाकळा चाळवत होते तेवढ्यात ती कमरेवर हात टेकून जागची हलली, पदर सरकला आणि लक्षात आलं की हिला पाचवा-सहावा तरी लागलाय. वीस-एकविसाची असेल. चहावाल्या पोरानं काचेचा ग्लास आणून ठेवला. तिनं पिशवीतून टोस्टचा पुडा काढला, एक टोस्ट चहात बुडवला, मऊ पडून तुटायच्या आत तोंडात घातला आणि दुसऱ्या हातानं मला वाटा उचलून दिला. "जेवलीस का गं?" मी विचारलं. "हे काय, चाललंय ना मावशी." "भाकरी नाही आणलीस?" "पहाटं कोन थापनार? अंधाराची गाडी धरावी लागती. आता घरी गेल्यावर." घरी गेल्यावर म्हणजे दिवेलागणीला. आमच्याकडेही सून गरोदर आहे असं मी बोलून गेले, तर तिनं मूठभर टाकळा जास्तीचा पिशवीत टाकला. "तिला घाला. रगत वाढतं."

तिच्या पुढ्यातलं सगळं माझ्या पिशवीत आलं आणि तिच्या पोटात गेला चहा-टोस्ट.

इंदिरानगरला घरी येईपर्यंत ते काही डोक्यातून जाईना. स्वयंपाकघरात आले तर समोर फ्रिजवर चुंबकाखाली सुनेचा आहाराचा तक्ता. तिला नुकताच चौथा लागला होता. तक्ता चांगला होता, विचारानं केलेला होता. उठल्यावर भिजवलेले बदाम, नाश्त्याला डाळीचं धिरडं नाहीतर उपमा, मधल्या वेळी फळ, जेवणात हिरवी पालेभाजी एक वाटी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ एक वाटी, घट्ट वरण, कोशिंबीर, दही, भाकरी. वेळा लिहिलेल्या होत्या, मापं लिहिलेली होती. मी परातीत टाकळा ओतला आणि निवडायला बसले. टाकळ्याचं देठ जून असतं, पान पान खुडावं लागतं. अधूनमधून गवताची काडी, एखादी अळी, पानाच्या मागे चिकटलेली तांबडी माती. तीन पाण्यांनी धुतला तरी तळाशी माती राहतेच, म्हणून चौथं पाणी. आणि एवढा डोंगर दिसणारा पाला कढईत पडला की बघता बघता बसतो, तो वाटीभर उरतो. उसळीचंही तेच. मटकी रात्री भिजवायची, सकाळी उपसायची, फडक्यात बांधून ठेवायची. पावसाळ्यात मोड यायला वेळ लागतो आणि लक्ष नाही दिलं तर आंबूस वास धरतो. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाच्या तरी हाताचं तास-अर्ध्या तासाचं काम होतं. सून सकाळी साडेसातला अंबडला कामाला जाते, सहाला परत येते. पाकिटातलं नको, ताजं आणि अख्खं धान्य खा, असं सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण पाकीट कात्रीनं उघडतं, टाकळा कात्रीनं निवडता येत नाही.

तक्त्याच्या उजवीकडे कोरी जागा होती. तिथे पेन्सिलीनं मी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, कोण करणार.

माझ्या वेळी तक्ता वगैरे नव्हता. रविवार पेठेत वाडा होता, बारा-तेरा माणसं, आणि पंगतीचा क्रम ठरलेला. आधी पुरुष आणि मुलं, मग आला-गेला, मग सासूबाई आणि आम्ही जावा. माझं पान मांडेपर्यंत अडीच-तीन वाजायचे. घरात भाज्या भरपूर यायच्या, कमी कशाचीच नव्हती. तरी शेवटी बसणारीच्या ताटात भाजीचा रस्सा असायचा, फोडी गेलेल्या असायच्या. वरण पातळ झालेलं असायचं कारण मध्ये दोनदा पाणी घातलेलं. भात मात्र हवा तेवढा. सकाळपासून पोटात चहा, तोही दोन-तीनदा. सासूबाई कडक होत्या. पपई नको, अननस नको, रात्री दही नको, ग्रहणात विळी हातात नको. (पपईचं म्हणाल तर चीक कच्च्या पपईत असतो, पिकलेल्याची गोष्ट वेगळी, पण त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.) त्याच सासूबाई रोज अकराच्या सुमाराला देवघरात बोलवायच्या, निरांजनाच्या तबकामागे झाकलेली वाटी पुढे सरकवायच्या. आदल्या दिवशीची बाजरीची भाकरी कुस्करून, त्यात गूळ, तूप आणि शेंगदाण्याचं कूट. "इथंच बसून खा. बोलू नकोस कुणाला." मी खाईपर्यंत त्या दाराशी उभ्या राहायच्या. त्यांची पाच बाळंतपणं याच पंगतीच्या क्रमात झाली होती. क्रम मोडायचं त्यांच्या मनात कधी आलं नसावं. त्यातून एक चोरवाट मात्र त्यांनी काढली होती. त्यांच्याविषयी मला आजही दोन्ही वाटतं, रागही आणि माया पण. ती वाटी आठवली की तुपाचा वास येतो आणि घसा दाटतो.

सुनेचे पहिले तीन महिने तर कुठलाच तक्ता चालला नसता. फोडणीचा वास सहन होईना, कुकरची शिट्टी झाली की ती बाल्कनीत जाऊन उभी राहायची. जे जाईल ते, जेव्हा जाईल तेव्हा, एवढं एकच धोरण. उशाशी डब्यात ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेले चणे, अंथरुणातून उठायच्या आधी चार दाणे तोंडात. लिंबू-मीठ लावलेली काकडी. गार दहीभात. गरम जेवणाचा वास उठतो, गार जेवणाचा तेवढा उठत नाही, हे तिनंच शोधून काढलं. त्या दिवसांत मला पोषणाची फार काळजी वाटायची आणि डॉक्टरीणबाई म्हणायच्या, काळजी करू नका, फोलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका म्हणजे झालं. बाळाच्या मेंदूचा आणि पाठकण्याचा पाया गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो, म्हणून ती गोळी खरं तर दिवस राहायच्या आधीपासून हवी. हिनं ती तशी घेतली होती. आमच्या पिढीत कुणाला ठाऊक होतं? आम्हाला दिवस गेल्याचं समजेपर्यंत ते चार आठवडे सरलेले असायचे.

चौथ्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या घरात. गरोदरपणात ते अकराच्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. आणि ते खाली जायला नुसतं कमी खाणंच कारण असतं असंही नाही. या काळात रक्तातला पातळ भाग जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी त्या मानानं कमी वाढतात, म्हणजे रक्त आपोआपच पातळ होतं. त्यात आधीचा साठा कमी असला की आकडा घसरतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना पंडुरोग आढळला होता. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या दर दोघींमधली एक. मला तर त्याची खूण आधीच मिळाली होती, कळली नव्हती एवढंच. एका संध्याकाळी सरी पडून गेल्यावर ती कुंडीपाशी वाकून बराच वेळ नुसती वास घेत उभी होती. पुढच्या आठवड्यात तिच्या पर्समध्ये भाजक्या मातीच्या वड्यांची पुडी सापडली. किराणा दुकानात मिळते ती, खापरीसारखी, दाताखाली करकरते. ती ओशाळून रडायलाच लागली. माती, खडू, कोळसा खावासा वाटणं हे लोह कमी पडल्याचं लक्षण असू शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा तिला हायसं वाटलं. आपल्याकडे मातीचे डोहाळे लागले की बायका कौतुकानं हसतात. मीही माझ्या डोहाळ्यांत चुलीतली भाजकी माती चाटलेली आहे आणि सगळ्या खुशीत होत्या, मुलगा होणार म्हणून.

गोळी सुरू झालीच, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडची, रक्त कमी म्हणून हिला रोज दोन. एरवी गरोदरपणात रोज एक असते, निदान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढीच. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. जेवणाचंही तसंच आहे. पालेभाजीतलं, बाजरीतलं, कडधान्यातलं लोह शरीर चटकन घेत नाही. बरोबर लिंबू, आवळा, पेरू, कैरी असं काही आंबट असलं तर जास्त घेतं आणि मागोमाग चहा प्यायला तर घेता घेता सोडतं. मग मी तिच्या दिवसाकडे नीट बघितलं. कारखान्यात साडेबाराला डबा खातात आणि एकच्या ठोक्याला चहाची गाडी फिरते. म्हणजे मी पहाटे उठून परतलेला टाकळा, त्यावर अर्ध्या तासात चहाचा कप. चहा सोड म्हणणं मला जड गेलं. कामावरचा तो चहा म्हणजे नुसता चहा नसतो, मैत्रिणींबरोबर पाच मिनिटं पाय मोकळे करणं असतं. मग असं ठरलं की त्या वेळी तिनं त्यांच्यात जावं, पण हातात आवळ्याचं सरबत नाहीतर ताकाची बाटली असावी, आणि चहा साडेतीनला. डब्यात लिंबाची फोड रोज. फोड डब्यात सुकते म्हणून अख्खं छोटं लिंबू आणि सुरी तिनं खणात ठेवून दिली. त्या लिंबानं आणि चहाच्या बदललेल्या वेळेनं जेवढा फरक पडला असेल तेवढा महागड्या सुक्या मेव्यानं पडला नसता असं माझं मत आहे. गणपतीच्या सुमाराला आकडा साडेदहाच्या पुढे गेला होता आणि मातीची पुडी तिनं आपण होऊन टाकून दिली होती.

अंड्याची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या घरात अंडं येत नव्हतं. तिचं माहेर जळगावचं, तिथे चालतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं कधी विषय काढला नाही, आणि शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हाही ती गप्पच बसली. घरी येऊन मी हिशेब मांडला. पेलाभर दूध, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, प्रत्येकातून सहा-सात ग्रॅम. एक अंडंही तेवढंच देतं, शिवाय बी-१२ देतं, आणि ते धान्य-भाजीत नसतंच. दूध तिला पित्त करत होतं. रात्रभर मी कूस बदलत होते. सकाळी तिला विचारलं, "अंडं खातेस का गं अजून?" ती म्हणाली, "आई, नको, तुम्हाला वास येईल." वास येतोच. पहिल्यांदा पातेल्यात अंडी उकळत होती तेव्हा मी खिडकीशी उभी राहून पदर नाकाला लावला होता. पातेलं वेगळं ठेवलं, देवघराचं दार ओढून घेतलं. ह्यांनी काही न बोलता चपला घातल्या आणि फिरायला गेले. मनाला अजूनही पुरतं पटलेलं नाही, हे खरं सांगते. पण सोललेलं अंडं, त्यावर मीठ-मिरपूड घालून, ती स्टुलावर बसून डोळे मिटून खात होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते लग्नानंतर या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा पाहिलं.

'कोण करणार'च्या रकान्यात सुरुवातीला सगळीकडे मीच होते. मग माझा गुडघा धरला आणि मुलाचं नाव लिहावं लागलं. त्याला मी विळीवर बसवलं नाही, सुरी आणि पाट दिला, समोर बसून तांदुळजा कसा निवडायचा ते दाखवलं. कोवळं देठ नखानं तुटतं, जून तुटत नाही, एवढं एकदा कळलं की झालं. पहिल्या दिवशी त्यानं अर्धी भाजी कचऱ्यात घातली. आता तो रात्री बातम्या बघत बघत जुडी निवडतो, फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतो. निवडलेली भाजी तयार असली की सकाळी कढईत जायला दहा मिनिटं. मटकी-मूग भिजवणंही त्याच्याकडे आहे, आणि मोड आलेलं कच्चं कुणी तोंडात टाकायचं नाही, शिजवूनच खायचं, हे तो मलाच बजावतो, कारण ओलाव्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात. नागलीचं पीठ मात्र मोठं काम. नागली धुवायची, भिजवायची, फडक्यात बांधायची, पांढरे बारीक कोंब फुटले की सावलीत खडखडीत वाळवायची, मंद भाजायची, मग दळायची. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. नागलीतलं सगळं अंगी लागत नाही, पण मोड आणले की जास्त लागतं. दूध न सोसणारीला याहून दुसरं काय हवं? आमच्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर नागली पिकते. शहरात मात्र आम्ही ती अनेक वर्षं गरिबाचं धान्य म्हणून बाजूला ठेवली आणि आता सुंदर पाकिटातून चौपट भावानं आणतो.

तिला नागलीचं सत्त्व फार आवडायला लागलं होतं, दाट, गूळ-वेलची घालून. आश्विनात साखरेची तपासणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० च्या वर आलं. वजन बेताचं, माहेरी कुणाला मधुमेह नाही, तरी आलं. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. पुढे दिवाळी, त्यानंतर डोहाळजेवण. डॉक्टरीणबाई शांत होत्या. दोन आठवडे खाण्याचा क्रम बदला, जेवणानंतर चाला, मग जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत येते का बघू, नाही आली तर औषध आहेच. बदललं काय, तर पदार्थ फार थोडे. सत्त्व बंद आणि त्याच पिठाची भाकरी, कारण पेज पोटातून भरकन जाते आणि साखर चढवते, तीच नागली भाकरी होऊन पालेभाजी-उसळीबरोबर गेली की सावकाश उतरते. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी दोन घास. फळ जेवणावर नाही, मधल्या वेळी, आणि चिकूऐवजी पेरू. तीन मोठ्या जेवणांची सहा छोटी झाली. सातव्या-आठव्यात पोट वर सरकतं, एका वेळी जास्त जातही नाही, छातीत जळजळतं, म्हणून ते तसंही सोयीचं पडलं. दोन जिवांचं खा, दोन जिवांचं खा, असं शेजारपाजार सांगत होता. पण पहिले तीन महिने संपल्यावर रोजची वाढ लागते सुमारे ३५० उष्मांकांची, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर उसळ. दिवाळीत तिनं एक करंजी खाल्ली, अर्धी पाडव्याला आणि अर्धी भाऊबीजेला. मी चकली-शेवेचे डबे वरच्या फळीवर ठेवले होते. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, लपवू नका. समोर असू दे. मी नाही खात." तिच्या या निग्रहाचं मला कौतुक वाटलं आणि पोटात तुटलंही. दोन आठवड्यांनी आकडा १२० च्या आत आला.

या सगळ्यात दर बुधवारी मी घाटावर जात होते. ती पोर श्रावणभर दिसली, पोट वाढत गेलं, चहा-टोस्ट तोच. मी एकदा भाकरी-चटणी बांधून नेली. तिनं घेतली, पण लोकांसमोर खायला लाजली, पिशवीत ठेवून दिली. त्या भाकरीनं काय होणार होतं म्हणा. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर बायकांना शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर काही महिने अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण मिळतं, अमृत आहार म्हणतात त्याला. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं नाहीतर केळं. माझ्या सुनेच्या तक्त्यात होतं त्यातलं बहुतेक सगळं त्या ताटात आहे आणि ते रांधायला दुसरे हात आहेत, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पण ते ताट दुपारी गावात वाढलं जातं आणि दुपारी ही नाशकात टाकळा विकत असते. तिच्या तक्त्यावर 'कोण करणार'चा रकाना सरकारनं भरलेला होता. प्रश्न ती तिथे जाऊन बसण्याचा होता. पितृपक्षात तिच्या जागी एक वयस्क बाई दिसली. तोच निळा कागद, तीच पिशवी. सासू तिची. मी विचारलं तर म्हणाली, "घरी ठिवलंय तिला. आठवा लागला. जेवती अंगनवाडीत. गाडीत बसवत न्हाई आता." म्हातारीचे पाय सुजलेले होते, दगडावर बसताना ती कण्हली. तिनं काही मोठं केल्याचा आव आणला नाही. वाटे नीट लावत राहिली, सुट्टे पैसे मोजत राहिली. मी नागली घेतली, जरा जास्तच घेतली.

डोहाळजेवण मार्गशीर्षात झालं. फुलांचे दागिने, हिरवी साडी, पाळण्यावर बसवून गाणी, सगळं यथासांग. ताटाभोवती ओल्या नारळाची चटणी, भरलं वांगं, मेथीची पचडी, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, कळण्याची भाकरी, आणि गोडात तिच्यासाठी एक छोटा पुरणाचा कडबू, बाकीच्यांना पुरणपोळी. आत्याबाई म्हणाल्या, "पोरीचं तोंड गोड होऊ दे की गं." त्यांना मी बाजूला घेऊन १२० चा आकडा सांगितला. पटला नाही, पण त्या गप्प राहिल्या.

आता ती बाळंतपणाला जळगावला निघालीय. विहीणबाईंचा आणि माझा रोज फोन चालतो. त्यांना अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आतापासूनच करून ठेवायचेत. मी म्हणते अळीव बाळंतपणानंतर, आणि लाडवाचा गूळ साखर बघून. त्या म्हणतात, "ताई, मी पण दोन बाळंतपणं काढलीत." ते खरंच आहे. त्यांच्याकडे नोकरी करणारी धाकटी सून आहे, स्वतःला संधिवात आहे, सकाळी पाणी एकच तास येतं. भाकरी कोण थापणार, भाजी कोण निवडणार, सकाळचं अकराचं खाणं कोण देणार, हे मी फोनवर विचारलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, भाकरीला बाई लावलीय, अकराचं मी बघीन, भाजीचं बघू. मुलगा शनिवार-रविवार तिकडे जाणार आहे. जाताना पाच दिवसांच्या भाज्या निवडून, फडक्यात बांधून नेतो म्हणतोय. तांदुळजा तीन दिवसांच्या वर टिकत नाही, मेथी टिकेल, शेपू टिकेल, शेवग्याचा पाला सुकवून नेला तर महिनाभर चालेल. आज तो शेवग्याचा पाला धुऊन सावलीत पसरतोय, आणि मोड आणलेल्या नागलीचं पीठ चक्कीवरून आणायचं राहिलंय. संध्याकाळी सातला चक्की बंद होते.